पाच बाय चारची ओल

रसिकता विकत मिळत नाही, ती अंगात असावी लागते! माझ्या अंगात ती आहे, हे मला दोन महिन्यांपूर्वी कळलं. त्याआधीची बेचाळीस वर्षं ती नुसतीच पडून होती.

झालं असं, की माझी बायको इरावती तीन आठवड्यांसाठी माहेरी कुडाळला गेली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये हॉलची मोठी भिंत रंग दिल्यापासून रिकामी पडली होती. मी छातीठोकपणे सांगितलं, "तू निर्धास्त जा. परत येशील तेव्हा ह्या भिंतीवर अशी वस्तू असेल, की बघतच राहशील!"

"भिंतीचं काय ते कर," इरावती म्हणाली, "पण नीलाताईंशी नीट वाग. मी येईपर्यंत वरच्या मजल्याशी नवी भानगड नको."

तिचं म्हणणं खरं होतं. नीलाताई सामंत म्हणजे आमच्या डोक्यावरच्या ४०२ मध्ये राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून गळायचं. त्यावरून एकदा इरावतीची आणि त्यांची अशी जुंपली, की पुढे तीन वर्षं बोलणं बंद! शेवटी यंदा एप्रिलमध्ये नीलाताईंनी पेन्शनमधून सगळं बाथरूम नव्याने बांधलं. आठ दुकानं पालथी घालून आकाशी टाइल्स आणल्या. उद्घाटनाला आम्हाला बोलावून साजूक तुपातला शिरा खायला घातला, आणि बाथरूमच्या दारात उभं राहून इरावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या टाइल्स बघून त्यांच्या बरोब्बर वर, पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या धवलनेही आपलं बाथरूम उकरायला काढलं. तेव्हापासून दर बुधवारी नीलाताईंकडून आमच्याकडे माशाच्या कालवणाचा डबा येऊ लागला. हा डबा चालू ठेवणं एवढंच माझं काम होतं.

पहिल्याच शनिवारी मी वांद्र्याला एका फोटोंच्या प्रदर्शनात गेलो. म्हटलं, एखादा सूर्यास्त घेऊ, होड्याबिड्या असलेला. आत शिरलो, डावीकडे वळलो आणि जागच्या जागी थांबलो.

समोर एका भिंतीचा फोटो होता. नुसती भिंत! जुना गिलावा आणि त्यात वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी. वर राखाडी, मग निळसर, खाली कडेला शेवाळी हिरवं, आणि मधून आडवी गेलेली एक फिकट रेघ. पहाटे समुद्र आणि आभाळ एकमेकांत मिसळतात ना, तसं. एका कोपऱ्यात एक गंजका खिळा आणि त्याची लांबच लांब सावली. बस्स, एवढंच. पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कानातला ट्रॅफिकचा आवाज बंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या वस्तूसमोर खिशातून हात बाहेर काढून नीट उभं राहावंसं वाटलं!

"पंचवीस मिनिटं झाली तुम्हाला," बाजूने आवाज आला. फोटो काढणारी मुलगी होती ती, श्रुतिका. "पाणी देऊ का?"

"हा... हा फोटो विकायचा आहे?"

"कॉटन पेपरवरची प्रिंट आहे. अशा दहाच काढल्यात, ही तिसरी. नीट ठेवलीत तर शंभर वर्षं रंग हलणार नाही."

किंमत विचारू नका. मी विचारली, आणि तिने दिलेलं पाणी एका दमात संपवलं. पण घेतली!

श्रुतिकाने मोबाईलवर आमच्या हॉलच्या भिंतीचा फोटो बघितला आणि टाळीच वाजवली. "अरे वा, गिलाव्याचा आणि तुमच्या भिंतीचा रंग अगदी एक आहे! मग फ्रेम नको, काच नको. पातळ बोर्डवर चिकटवून थेट भिंतीला लावू. आणि प्लीज, उघड्या हातांनी शिवायचं नाही. बोटांचं तेल लागतं." असं म्हणून तिने मला पांढऱ्या सुती हातमोज्यांचे दोन जोड दिले.

रविवारी तिची माणसं येऊन पाच बाय चार फुटांची ती प्रिंट लावून गेली. कडा भिंतीत अशा मिसळल्या, की भिंत कुठे संपते आणि कला कुठे सुरू होते ते कळेना! मी कोणालाही काही सांगितलं नाही. इरावतीने बघायच्या आधी कोणी बघता कामा नये, असं माझं ठरलं होतं.

सोमवारी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर नाबर आले. टाकी साफ करायच्या नोटिशीवर सही हवी होती. मी दार उघडलं. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली आणि पेन हातातून गळून पडलं.

"अरे बापरे! हर्षदराव, हे... हे कधी झालं?"

माझी कॉलर ताठ झाली. बघितलंत? सेक्रेटरीसुद्धा हलला!

"कालच," मी म्हणालो. "नाबरसाहेब, दारातूनच बघा. आत येऊ नका, हात लावायचा मोह होतो."

"छे छे, हात कशाला लावू! केवढं आहे!"

"पाच बाय चार."

"मोजून ठेवलंत?" त्यांचा आवाज खाली आला. "वहिनींना माहीत आहे?"

"मुळीच नाही. आल्यावर बघेल. वेडी होईल!"

"होणारच. आणि तुम्हाला काही... त्रास?"

"त्रास कसला? सकाळी चहा घेऊन समोर बसलो की ऑफिसला जावंसंच वाटत नाही. डोळे भरून येतात हो!"

नाबरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "धीर धरा. सध्या वरून रंगाचा एक हात मारून घेताय का?"

"रंग?" मी किंचाळलोच. "वाट लावायचीय का? एक ठिपकासुद्धा मारू देणार नाही मी! जसं आहे तसंच राहणार. शंभर वर्षं!"

नाबर दोन पावलं मागे सरले, आणि मी सही करत असताना त्यांनी दारातूनच एक फोटो काढला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, गृहस्थ सेक्रेटरी का असेना, नजर आहे.

आता एक गोष्ट कबूल करतो. लीकेज ही आपल्याकडे लांबूनच बघायची वस्तू आहे. माणूस दारात उभा राहतो, मान वर करतो, च्च च्च करतो आणि वरच्या मजल्याला शिव्या घालतो. जवळ जाऊन भिंत कोणी बघत नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे नुसती ती फिकट रेघ होती!

बुधवार आला. कालवणाचा डबा आला नाही. म्हटलं, बाजारात मासे नसतील. गुरुवारी जिन्यात नीलाताई भेटल्या. मी म्हणालो, "काय ताई, मजेत?" त्या तोंड फिरवून सरळ वर निघून गेल्या. शुक्रवारी लिफ्टमध्ये धवल माझ्याकडे बघून म्हणाला, "मानलं यार तुला! एवढं होऊन शांत! मी असतो तर कोर्टात गेलो असतो." मला वाटलं, कुठल्या तरी मॅचबद्दल बोलतोय. मी नुसता हसलो. तो आणखीच गंभीर झाला.

शनिवारी सुट्टी. हातमोजे चढवून, कपात चहा घेऊन मी प्रिंटसमोर बसलो. सकाळचं ऊन आत आलं होतं आणि खिळ्याच्या सावलीला धार आली होती. आता ती रेघ जिवंत होणार, एवढ्यात वर धाड! धाड! धाड! घण पडू लागले. कप हिंदकळला, छत हादरलं. कलेच्या आस्वादात केवढा हा व्यत्यय! माझं डोकं फिरलं. तसाच हातमोज्यांसकट वर गेलो.

४०२ चं दार सताड उघडं होतं. "नीलाताई, जरा हळू ठोकायला सांगा हो!" मी ओरडलो. "खाली माणसं शांतपणे भिंत बघत बसलीत!"

आतून नीलाताई आल्या. डोक्याला ओढणी बांधलेली, भुवयांवर सिमेंटची धूळ. त्यांच्या मागे दोन गडी, आणि गड्यांच्या पायांशी आकाशी टाइल्सच्या तुकड्यांचा ढीग.

"इलंस?" त्या म्हणाल्या. रागावल्या की त्या थेट मालवणीत शिरतात. "बघ, फोडतंय मी बाथरूम. झाला समाधान? माका तोंडान सांगूक काय झाला होता तुका?"

"पण... कशासाठी फोडताय?"

"कशासाठी?" त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. सोसायटीचा ग्रुप होता. रोजच्या सुप्रभातला कंटाळून मी तो कधीच म्यूट करून टाकला होता, इरावतीनेही. त्यावर नाबरांनी काढलेला माझ्या हॉलचा फोटो होता आणि खाली ओळ: '३०२ ची अवस्था पाहा. माणूस रोज भिंतीसमोर बसून रडतो, रंगही लावू देत नाही. पुरावा जपून ठेवत असावा.' त्याखाली त्रेसष्ट प्रतिक्रिया!

मी हातमोज्यांसकट हात जोडले. "नीलाताई... ते लीकेज नाही! फोटो आहे तो! लीकेजचा फोटो! म्हणजे कला आहे ती!"

"पैसे खर्च करून तू भिंतीवर लीकेज लावलंस?"

"हो!"

नीलाताईंनी गड्याच्या हातातला हातोडा घेतला आणि म्हणाल्या, "चल, दाखव."

जिना उतरताना त्या पुढे, मी मागे. इरावतीला काय सांगायचं ह्याचा विचार करत होतो. तीन वर्षांचा अबोला मिटला होता, शिरा झाला होता, डबे सुरू झाले होते, आणि माझ्या रसिकतेने त्या बाईंचं हौसेने बांधलेलं बाथरूम मातीत घातलं होतं. मला खरोखर रडू येत होतं.

त्या तरातरा भिंतीकडे गेल्या. "हात नका लावू!" मी सवयीने ओरडलो. त्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने हातमोज्यांचा दुसरा जोड पुढे केला. त्यांनी तो घातला. ओल चाचपली. कोरडी ठणठणीत! बोट कडेपर्यंत नेलं, बोर्डची कड लागली. मी डोळे मिटून हातोड्याची वाट बघत राहिलो.

काहीच आवाज आला नाही.

डोळे उघडले तर नीलाताई दोन पावलं मागे येऊन उभ्या होत्या. हातोडा जमिनीवर ठेवलेला. एक मिनिट गेलं, पाच गेली, दहा गेली. मुख्याध्यापिका म्हणून अख्खी शाळा गप्प करणाऱ्या बाई स्वतः गप्प झालेल्या मी पहिल्यांदाच बघत होतो!

"हर्षद," शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षं ओलीशी भांडतेय रे मी. नोटिसा लिहिल्या, प्लंबर आणले, माणसं तोडली. पण ओल नीट बघितली कधीच नाही." मग त्यांनी डोळ्यांवरची धूळ पुसली. धूळच असावी.

"ताई, टाइल्स मी लावून देतो. त्याच रंगाच्या."

"टाइल्स माझ्या मी लावेन," त्या ताडकन म्हणाल्या. "ही भिंत मला दे!"

द्यायला जिवावर आलं हो! पण त्यांचा चेहरा बघितला आणि नाही म्हणता आलं नाही. वांद्र्याला मी जसा उभा राहिलो होतो, अगदी तशाच त्या उभ्या होत्या. त्याच दुपारी आम्ही दोघं हातमोजे घालून, अर्धा तास धापा टाकत, ती प्रिंट जिन्याने वर घेऊन गेलो. त्यांच्या हॉलच्या भिंतीचा रंग तोच होता. बिल्डिंगला रंगारी एकच ना! प्रिंट तिथेही अशी मिसळली, की बघत राहावं. बाथरूम तयार होईपर्यंत नीलाताईंनी आंघोळीला रोज आमच्याकडे यायचं ठरलं. डबा बुधवारऐवजी एक दिवसाआड येऊ लागला. सगळं झकास मिटलं!

त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी इरावती परतली. हॉलमध्ये उभी राहून रिकामी भिंत बघितली. "ही तुझी बघत राहण्यासारखी वस्तू?"

"जरा दम धर, सगळं सांगतो," मी म्हणालो. "आधी चहा टाकतो."

"टाक. तोवर नीलाताईंना कोकमं देऊन येते," म्हणत ती वर गेलीसुद्धा. मी काही बोलणार होतो, पण दूध उतू जात होतं. नीलाताई तर आमच्याच बाथरूममध्ये होत्या. नळ बंद झाला आणि त्या मोठ्याने गायला लागल्या.

दोन मिनिटांनी जिन्यातून इरावतीची हाक आली. "हर्षद! अरे, वर ये आधी! नीलाताईंच्या हॉलभर केवढं लीकेज झालंय! बाथरूमपण फोडावं लागलंय बिचारीला! आणि तू खाली राहतोस की झोपतोस? उघड्या दारातूनच फोटो काढून मी ग्रुपवर टाकलाय!"

मी गॅस बंद केला आणि तीन-तीन पायऱ्या गाळत धावत सुटलो. चौथ्या मजल्यावर नाही, थेट पाचव्या! धवलचं नवं बाथरूम परवाच पूर्ण झालं होतं.