टकलाचं रफू

पोह्यांच्या बशा पाहुण्यांच्या हातात पडल्या आणि मुलीच्या वडिलांनी, धर्मराजांनी, तोंड उघडलं. तिथेच घात झाला. शिवकन्येला औरंगाबादला एम.एस्सी.ला जायचं होतं; वडिलांना त्याआधी धावडा गावचं हे स्थळ जमवायचं होतं.

"पोरगी बायोटेक शिकून राह्यली जालन्याला," ते छाती फुगवून म्हणाले. "रक्तातली खोड काढती, बिलकुल!"

मुलाचे वडील काकासाहेब यांनी हळूच टोपी काढली. आजोबा कारभारींनी फेटा उतरवला. शेवटी भर उन्हाळ्यात कानटोपी घालून आलेल्या बद्रीनाथनेही, म्हणजे खुद्द नवऱ्या मुलाने, डोकं मोकळं केलं. तीन पिढ्या लखलखल्या.

"हे निघंल का, पोरी?" मुलाची आई द्वारकाबाई पुढे सरकली.

शिवकन्या मुकाट बसायचं ठरवून आली होती. पण विषय निघाला आवडीचा.

"काकू, पेशीपेशीत एक लांब धागा असतो. आपली सगळी घडण त्याच्यात. एक बारीक कात्री बराबर जागा हुडकून तो कापती. मंग पेशी सवताच जल्दी जल्दी रफू करायला बसती. तेवढ्यात आपण पाहिजे तो तुकडा पुढं करायचा. लागला तर लागला."

"अन् केस?"

"ह्यांचे गेले ते गेले. टकलाला एक जागा न्हाई, कैक जागा असत्यात. अजून कुणालाच जमलं न्हाई. जमलंच, तर पुढच्या पिढ्यांना."

एवढ्यात शेजारची केशरबाई नवऱ्याला दंडाला धरून आत आली. "ह्यांचं घोरणं काप बाई! सासऱ्यापासून आलंय." मागोमाग गल्लीतले आबाराव मारका बैल घेऊन अंगणात हजर. बैलाने आल्या आल्या पाहुण्यांच्या जीपला ढुशी दिली.

धर्मराजांनी हात जोडले. "तिला काही येत न्हाई हो! शिक्षण आजपासून बंद!"

"गप बसा, इवाई," द्वारकाबाई कडाडली. "किती वर्सं लागतील गं शिकायला?"

"एम.एस्सी.लाच दोन. पण काकू, खात्री न्हाई देत."

"बियाणं घेताना तरी कोण देतंय? जा, शिक. लग्न थांबंल. नातवाच्या डोक्याचा प्रश्न हाय."

बद्रीनाथ पहिल्यांदाच हसला. शिवकन्याही. धर्मराजांना आपण नक्की हरलो की जिंकलो, हे कळेना.

जीपमध्ये चढता चढता द्वारकाबाईने तिला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "सगळं शीक. पण सासूचा सभाव कापायला शिकवाया लागले, तर तेवढा तास बुडव."