दूध संस्थेच्या फळ्यावरचे युद्ध

राष्ट्राने युद्धात केव्हा उतरावे, हा प्रश्न मानवजातीला हजारो वर्षे छळतो आहे. थोर थोर विचारवंत त्यापायी म्हातारे होऊन गेले. कराड तालुक्यातल्या तांबखडी गावी मात्र तो एका संध्याकाळी, दूध घालून झाल्यावर आणि कॅन धुवायच्या आत, निकालात निघाला. याचे श्रेय दूध संस्थेचे चेअरमन नानासो जगदाळे यांना द्यावे लागते. (ते स्वतःही देतात.)

१९९९ सालचा उन्हाळा होता. कारगिलच्या डोंगरात लढाई पेटली होती. नानासो हळदीच्या सौद्यासाठी सांगलीला गेले होते आणि उन्हाची तलखी सोसेना म्हणून एका व्याख्यानमालेच्या मांडवात शिरले. मांडवात पंखे होते. व्यासपीठावरचे प्राध्यापक सांगत होते की, सहा निकष पुरे झाले तरच युद्ध न्याय्य ठरते. नानासोंनी सहापैकी पाच निकष पाठ केले. चौथ्याच्या वेळी पंखा नेमका त्यांच्याकडे वळला आणि त्यांचा डोळा लागला.

गावी येताच त्यांनी संचालक मंडळाची तातडीची सभा बोलावली. युद्धासाठी निराळी समिती नेमावी, अशी एक सूचना आली होती. पण संचालकांना चहा संस्थेच्या खर्चातून मिळत असल्याने गणपूर्तीची खात्री याच मंडळात होती. कारण रास्त आहे का, दुसरे सगळे उपाय करून झालेत का, लढाई योग्य माणसाने पुकारली आहे का, जिंकण्याची आशा आहे का आणि हेतू शुद्ध आहे का, असे पाच प्रश्न एकामागून एक मताला टाकले गेले. चौथी जागा 'राखीव' ठेवण्यात आली. हजर संचालक अकरा, वर झालेले हात बारा. (केरबा संचालकांनी भावनेच्या भरात दोन्ही वर केले.)

निकाल लोकांना कळावा म्हणून तो संस्थेच्या फळ्यावर लिहायचे ठरले. या फळ्यावर रोज दुधाचा दर लागतो आणि तांबखडीत यापेक्षा जास्त वाचला जाणारा मजकूर नाही. संस्थेचा सचिव मिलिंद वाघमारे, बुद्धविहारामागे राहणारा बी.कॉम. झालेला पोरगा, अक्षराने मोत्यासारखा. त्याने खडूने लिहिले: म्हैस, अमुक दर. गाय, अमुक दर. युद्ध, न्याय्य.

गावाला बरे वाटले. लढाई चालू होतीच, पण ती आता नियमाने चालू आहे म्हटल्यावर दोन घास जास्त जाऊ लागले. नानासो रोज संध्याकाळी फळ्याखाली उभे राहून भाषण करीत. त्यात रक्त, माती, आई आणि हिमालय हे चार शब्द हमखास येत. मनुबाई चव्हाण तेवढ्या भाषण सुरू व्हायच्या आत रिकामी किटली घेऊन निघत. त्यांचा मुलगा जयराज तिकडे डोंगरावर लढत होता, त्यामुळे त्यांना विषयाची फारशी आवड नव्हती.

भाषणे सगळेच ऐकत होते. पण ती खरी मानण्याची चूक एकानेच केली. तो नानासोंचा एकुलता एक मुलगा संग्राम. एका मंगळवारी तो कुणाला न सांगता कोल्हापूरला सैन्यभरतीत धावला, पहिल्या दहात आला आणि छाती फुगवून घरी परतला. ती भरतीवाल्यांनी मोजून पास केली होती. फक्त डॉक्टरी तपासणी उरली होती, ती पुढच्या आठवड्यात.

नानासो भरल्या ताटावरून उठले. हे पोर कालपरवापर्यंत तापात आपला हात धरून झोपायचे, हे त्यांना उगाचच आठवत राहिले. उंबऱ्यापाशी काढलेल्या त्याच्या चपलांकडे ते बराच वेळ बघत बसले. मालकीणबाईंनी तर अन्नच सोडले आणि जाहीर केले की, ज्यांनी भाषणे केली त्यांनीच ती आता परत घ्यावीत.

बुधवारी मंडळाची पुन्हा तातडीची सभा झाली. नानासोंनी घसा साफ केला. "दुसऱ्या निकषात आपली थोडी घाई झाली. दुसरे सगळे उपाय करून झाले म्हणतो आपण. झाले का? आपल्या पाणंदीच्या भांडणात आपण चौदा बैठका घेतल्या. तिकडं किती घेतल्या?"

"परवा तर न्याय्य व्हतं की!" केरबा म्हणाले.

"परिस्थिती बदलली."

"कुठली बदलली? तिकडं तर तीच लढाई चाललीया."

मिलिंदला याच वेळी खोकला आला. बाकीच्या संचालकांनी चहाच्या कपात बघितले. मग हात वर झाले, अकराच्या अकरा. (केरबांनी या वेळी एकच, तोही कोपरापर्यंत.) संध्याकाळी फळ्यावर लागले: युद्ध, तूर्त अन्याय्य. म्हशीच्या दरात बदल नव्हता.

दोन दिवसांनी चेअरमनांच्या ध्यानात आले की, मनुबाईंचे दूध निम्म्यावर आले आहे. संकलन घटणे ही बाब गंभीर असल्याने त्यांनी जातीने विचारणा केली.

"म्हैस आटली का काय, मनुबाई?"

"न्हाई वो. घरी ठेवतीया. तूप कढवाय पायजे न्हवं?" मनुबाईंचा चेहरा कधी नव्हे तो फुलला होता. "मिलिंदनं वाचून दावलं मला. लढाई चुकीची हाय म्हनून लिवलंय तुमी. म्हंजी आता बंद हुनार. जयराज आला म्हंजी त्याला घरचं तूप लागतंय. कवा येतील वो ही पोरं?"

नानासोंनी संकलनाची वही उघडून पुन्हा मिटली. मग म्हणाले, "वरनं हुकूम यावा लागतो."

"येऊ द्या की. लय दिस थांबले, आनी चार दिस थांबीन."

पुढचे दिवस नानासोंना फार जड गेले. ओळखीपाळखीच्या एका निवृत्त मेजरसाहेबांकडे ते जाऊनही आले. पोराला भरतीत चिकटवायला येणारे बाप मेजरसाहेबांनी शेकड्याने पाहिले होते. पोराला नापास करा म्हणून काजूची पिशवी घेऊन आलेला बाप त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी पिशवीसकट बाहेरची वाट दाखवली.

पण देवाला काळजी होती. पुढच्या आठवड्यात गुरुवारी तपासणीत डॉक्टरांनी संग्रामला ओल्या पायाने फरशीवर उभे केले, उमटलेला ठसा बघितला आणि सांगितले की, तळपाय सपाट आहे, कमान नाही. सैन्याला चालायचा नाही. संग्राम रडत घरी आला. नानासोही रडले, निराळ्या कारणाने. ज्या पायांनी घरभर चिखल आणतो म्हणून त्यांनी त्याला वीस वर्षे शिव्या दिल्या, त्या पायांची मालकीणबाईंनी काढलेली दृष्ट त्यांनी डोळे भरून पाहिली.

शुक्रवारी सभा. दुसऱ्या निकषाबाबत सखोल विचार होऊन सगळे उपाय थकल्याचे आढळले. फळ्यावर ठळक खडूने: युद्ध, न्याय्य. नानासोंच्या भाषणात हिमालय परत आला. मनुबाईंनी संध्याकाळी मिलिंदकडून फळा वाचून घेतला, घरी जाऊन तुपासाठी ठेवलेले दूधही आणले आणि मोजून घातले.

शनिवारी तार आली. जयराज चव्हाण जखमी. सुरुंगावर पडून उजवा पाय घोट्याच्या वरपासून तुटला होता. जीव वाचला होता.

गावाने सत्काराची तयारी सुरू केली आणि इथेच तांत्रिक अडचण उभी राहिली. ती मिलिंदने अत्यंत नम्रपणे मांडली. पाय गेल्याची तारीख रविवारची होती. संस्थेच्या फळ्यानुसार त्या रविवारी युद्ध अन्याय्य होते. अन्याय्य युद्धात गेलेल्या पायाचा सत्कार संस्थेच्या खर्चातून करता येईल काय?

पण नानासो कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी ठराव मांडला: 'मागच्या आठवड्यातील बुधवार ते चालू आठवड्यातील गुरुवार या कालावधीतील युद्ध पूर्वलक्षी प्रभावाने न्याय्य होते असे समजण्यात यावे.' ठराव एकमताने मंजूर झाला. जगाच्या इतिहासात कायदे मागून बदलल्याची उदाहरणे आहेत. पाय मात्र मागल्या तारखेने परत देण्याची सोय तांबखडीतही नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर जयराज कुबड्यांवर घरी आला. सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. ताट धरायला संग्राम उभा होता. त्याची मान वर होत नव्हती. नानासोंनी सभेला सांगितले की, आपल्या चिरंजिवांनाही देशसेवेची फार तळमळ होती, परंतु दुर्दैवाने तळपायाला कमान निघाली नाही.

मनुबाई पुढे आल्या. नानासोंना वाटले, आभार मानायला. त्यांनी संग्रामच्या पायांकडे बघितले, मग त्याच्या गालावरून हात फिरवला.

"कमान नसंना का," त्या नानासोंना म्हणाल्या. "पाय हाय न्हवं? त्ये बास." तुपाची बरणी त्यांनी संग्रामच्या ताटात ठेवली. "ही तवाची हाय, तुमचं युद्ध चुकीचं व्हतं तवाची. खावा."

ती बरणी जगदाळ्यांच्या फडताळात अजून तशीच आहे. झाकण कुणी उघडलेले नाही.

चौथा निकष अद्याप राखीव आहे. प्राध्यापकांना विचारायचे राहून गेले. तो भरण्याचे काम संचालक मंडळाने आता वाचकांवर सोपवले आहे. युद्ध न्याय्य वाटत असल्यास वाचकांनी बसल्या जागी हात वर करावा. शेजारच्या खोलीत आपला मुलगा अभ्यासाला बसला असेल, तर आधी मधले दार लावून घ्यावे. तशाने मत स्वच्छ पडते, असा मंडळाचा अनुभव आहे.