ताईला शिकवलेला एक शब्द

“अगं, इंग्रजी शिकवायला वेळ कसला लागतोय? एका शब्दात शिकवतो तुझ्या आईला!” बापू फोनवर भाचीला म्हणाले, आणि आपला आवाज एवढा मोठा निघतो हे त्यांना त्याच दिवशी कळलं. गृहस्थाचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. दुसऱ्यांच्या चुकांवर धीटपणे खुणा करायच्या, पण न्हाव्याने एक मिशी आखूड कापली तरी “छान झाली” म्हणून घरी यायचं, असा स्वभाव.

प्रकरण असं होतं. बापूंची थोरली बहीण, ताई, नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहायची. बापूंचं लग्न झालं नव्हतं. म्हणजे ज्या मुलीला विचारायचं होतं तिला विचारायचं राहूनच गेलं. ताई लोकांचे कपडे शिवायची, बापू वाचत बसायचे, आणि अधूनमधून दोघं भांडायची. संसार म्हणायचा तर तो एवढाच. आता परदेशातल्या लेकीने ताईला कायमचं बोलावलं होतं. खोली तयार होती, जावई भला होता. अडलं होतं ते एवढ्यावरच की नातीला मराठी येत नव्हती आणि ताईला इंग्रजी.

“तिथे येऊन मुक्यासारखी बसू? आधी शिकते, मग बघू,” ताई फोनवर लेकीला म्हणाली.

हे ‘मग बघू’ बापूंना फार आवडलं. हातात घेतलेला कपडा शेवटचं बटण लागल्याशिवाय ताई खाली ठेवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा तिला असा शब्द द्यावा, ज्याला शेवटचं बटणच नाही! त्यांनी जाडजूड शब्दकोश उतरवला आणि ‘सेट’ काढला. शब्द चिमणीएवढा, पण अर्थ बघाल तर वारूळ फुटल्यासारखे पानामागून पान!

“हा पक्का झाला की पुढे जाऊ,” बापू म्हणाले.

“एवढासाच? अरे, हा तर कपबशांचा सेट!”

“तो एक अर्थ. सूर्य मावळला की तोही सेट होतो. गजर लावायचा तर सेट, सापळा लावायचा तरी सेट...”

“बाई बाई! शब्दांचा दुष्काळ होता की काय मेल्यांकडे?”

बापू गालातल्या गालात हसले. वर्षा-दोन वर्षांची निश्चिंती झाली!

पण ताई पडली शिवणारी. ऐकलेलं तिच्या डोक्यात राहायचं नाही, हाताने केलं की विसरायची नाही. गजर शिकायचा म्हणून तिने घरातली सगळी घड्याळं एकदम लावली. बापू दुपारच्या डुलकीतून असे उडाले की चष्मा एकीकडे नि कवळी दुसरीकडे! सापळा शिकली तेव्हा उंदीर फिरकलाच नाही, बापूंचा अंगठा मात्र अगदी वेळेवर हजर झाला.

“सेट!” ताईने टाळी वाजवली.

“अगं, काढ आधी!”

“काढण्याला काय म्हणतात ते सांग, मग काढते.”

ओलं सिमेंट घट्ट होतं, तेही सेट, हे तर सांगायलाच नको होतं. बाथरूमचा उंबरा कधीचा फुटला होता. ताईने तो भरला आणि “होतोय सेट, पाय ठेवू नकोस,” असं बजावून गेली. पण बापू शब्दकोशात नाक खुपसून पुढचा अर्थ शोधत आले, आणि पुढच्या क्षणी शब्दकोश सिमेंटमध्ये उताणा, बापू फरशीवर पालथे, आणि मनगट दोघांच्या मध्ये!

“हाड सेट करावं लागेल,” डॉक्टर म्हणाले.

“बघ! हा राहिलाच होता!” ताईचा चेहरा उजळला.

घरी आल्यावर मात्र ती प्लास्टरकडे बघत राहिली. “आता कसली जाते मी! तुला घास कोण भरवणार?”

मनगटात कळा येत होत्या आणि बापूंच्या मनात कारंजी उडत होती. लाज वाटली, तरी त्यांनी जरा जास्तच कण्हून घेतलं.

तेवढ्यात नातीचा फोन आला. ताई बाहेरच्या खोलीत हातवारे करून सांगू लागली, “क्लॉक सेट! ट्रॅप सेट! सिमेंट सेट! ओन्ली मामाआजोबा नॉट सेट!” पलीकडे पोर खिदळली आणि अलीकडे ताई हसली. कशी हसली! नवरा गेल्यापासून बापूंनी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. आपल्या घरात ते हरवलं होतं हेही त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

ताई आत आली. “गोड हसते रे पोरगी,” म्हणाली, आणि बापूंची उशी सारखी करू लागली.

बापूंचं कण्हणं थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच भाचीला सांगितलं, “तिकीट काढ.”

“आणि तुझा हात, मामा?”

“हात? ठणठणीत!”

निघायच्या दिवशी ताई दारात अडून बसली. “खरं सांग, दुखत नाही ना?”

“मुळीच नाही!” म्हणत बापूंनी शौर्य दाखवायला प्लास्टरच्याच हाताने तिची बॅग उचलली आणि गाडीत टाकली. वळले तर डोळ्यांतून धारा!

“दुखतंय! अहो, बॅग उतरवा! मी नाही जात,” ताई गाडीवाल्याला म्हणाली.

बापूंची पंचाईत झाली. मनगट म्हणावं तर ती राहणार. नाही म्हणावं तर हे पाणी कशाचं? जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य जुळेना.

“मनगट नाही गं,” ते शेवटी म्हणाले. “तू चाललीस म्हणून.”

ताई बघतच राहिली. “मेल्या, हे आधी बोलला असतास तर...”

“तर काय?”

गाडीवाल्याने भोंगा वाजवला. ताईने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. “काही नाही. वेळेवर जेव,” एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली.

गाडी वळून दिसेनाशी झाली, आणि मग मनगट असं ठणकायला लागलं की बापूंनी घराकडे तोंड करून चक्क हाक मारली, “ताई, अगं, दुखतंय गं!”