कापून टाकलेले व्याही

साहेब, तुम्ही आमचा माणूस कापलात. दिवसाढवळ्या, दिल्लीत, खुर्चीवर बसून, कात्रीने! गरिबीवरच्या सिनेमांना पैसे देणारं मंडळ तुमचं, आणि गरिबाच्या घरात काय घडू शकतं, काय नाही, हे ठरवणारेही तुम्हीच. तर झाशीत काय घडलं ते आता ऐका. शेवटी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, तेव्हा मधेच उठू नका.

सीपरी बाजारात, रुळांना लागून, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले नीलकंठराव राहतात. दोन खोल्या आणि मागे अंगण. मालगाडीचं इंजिन धापा टाकत गेलं की निम्मा धूर आकाशात जातो आणि निम्मा त्यांच्या बायकोच्या, अनुसूयाबाईंच्या, भिंतींवर बसतो. लग्न होऊन आल्यापासून अनुसूयाबाईंचं आणि रेल्वेचं युद्ध चालू होतं. रेल्वे काळं करायची, बाई पुसायच्या. माघार तोवर कोणी घेतलेली नव्हती.

म्हणून मुंबईचा दिग्दर्शक मधुसूदन दारात उभा राहून "झाशीभर फिरलो, पण असं घर दुसरं नाही" म्हणाला, तेव्हा बाईंना हा आपल्या फडक्याचा विजय वाटला. सिनेमा कसला, तर म्हणे एका नवरा-बायकोची साधी गोष्ट. नीलकंठराव ही बातमी प्लॅटफॉर्मवरच्या हमालांपर्यंत पोचवून आले. बाईंनी शेजारच्या ठकुराइनला ठणकावून सांगितलं की पाहाच तुम्ही, सिनेमावाले जन्मभर माझ्या घराचं नाव काढतील.

शूटिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी घराला चुना काढला. दाराला तोरण बांधलं. फळीवर पितळी भांडी लावली, त्यातली बरीचशी ठकुराइनची. पलंगावर लेकीने, बकुळने, भरलेली चादर घातली. सकाळी मधुसूदन आला, आत डोकावला आणि उंबऱ्यावर मटकन बसला.

"काकू, हे काय करून ठेवलंत?"

"काही कमी राहिलं का?"

"काकू, या घरातली बाई उपाशी मरते."

त्याने देव्हाऱ्यात चप्पल ठेवली असती तरी बाईंनी त्याच्याकडे तसं पाहिलं नसतं. "माझ्या घरात?" एवढंच त्या म्हणाल्या.

पण शब्द दिला होता. शिवाय सिनेमावाल्यांच्या भाड्यावर बकुळच्या लग्नाचा मांडव उभा राहायचा होता. संध्याकाळपर्यंत नीलकंठरावांच्याच ओळखीने लोको शेडमधून काजळीची पोती आली आणि पांढऱ्या भिंती पुन्हा काळ्या झाल्या. त्यासाठी मुंबईहून एक खास कलाकार आला होता. जे काम रेल्वे फुकट करते, त्याचा पगार घ्यायला! बाई पहाटे उठल्या, डोळे उघडायच्या आधी हातात फडकं आलं, आणि भिंत पुन्हा लखलखली. असं रोज चाललं. त्या सिनेमात नवरा काळ्या घरातून कामाला जातो आणि पांढऱ्या घरात परत येतो, ते यामुळे. तुम्ही त्याला आशेचं प्रतीक म्हणालात म्हणे.

त्याहून मोठी पंचाईत नायिकेची झाली. तिचं नाव कमल. उपाशी दिसायचं म्हणून बिचारी सकाळी एक केळं खायची आणि दिवसभर त्याच्या आठवणीवर राहायची. फाटक्या लुगड्यातली, डोळे खोल गेलेली बाई आपल्या चुलीपुढे बसलेली अनुसूयाबाईंना बघवेना. मधुसूदनची पाठ वळली की त्या तिच्या तोंडात काहीतरी भरायच्या. आज तूप-गूळ-पोळी, उद्या कटाची आमटी आणि भात. पंधरवड्यात उपासमारीने मरायला टेकलेल्या बाईला दुहेरी हनुवटी आली. लुगडं आणखी फाडावं लागलं, पण ते गरिबीसाठी नव्हे.

मधुसूदनने हात जोडले. आज शेवटचा मोठा प्रसंग आहे, म्हणाला, विझलेल्या चुलीपुढे बसून ती रडते. कालपासून तिला खरोखर उपाशी ठेवलंय. काकू, आज तिच्याजवळ जायचं नाही. बाईंना आणि बकुळला त्याने अंगणात कॅमेऱ्यामागे स्टुलांवर बसवलं. रस्त्यावरची गर्दी अडवायची गरजच नव्हती. गर्दी केव्हाच कंटाळून गेली होती. ठकुराइन तर म्हणाली होती, "रोज एक औरत बैठी रोती है, बस. इससे ज़्यादा ड्रामा तो हमारे घर में होता है."

आणि नेमके त्या दिवशी ग्वाल्हेरचे गोविंदराव आले.

गोविंदराव म्हणजे बकुळच्या होणाऱ्या नवऱ्याचे, दिवाकरचे, वडील. त्यांनी बकुळला ग्वाल्हेरच्या एका लग्नात पाहिलेलं. आईबापांना अजून पाहिलेलं नव्हतं. मुलगी पसंत होती. अडलं होतं ते स्कूटरवर. दिवाकरला स्कूटर मिळाल्याशिवाय बोलणी पुढे सरकणार नाहीत, असा त्यांचा निरोप होता, आणि नीलकंठरावांना पार्सल ऑफिसात लोकांच्या स्कूटरी नुसत्या हात लावायला मिळत होत्या. आता, न कळवता जाऊन घर पाहायचं, तरच खरं घर दिसतं, ही मुलाकडच्यांची जुनी रीत. बाहेरचं पाणीही न पिणारे गोविंदराव घरचा डबा काखेत घेऊन उघड्या दारातून सरळ आत आले.

समोर काळ्याकुट्ट भिंती. खाटेवर एक माणूस दारू पिऊन पडलेला. तो नायक होता. चुलीपुढे एक बाई रडते आहे. गोविंदरावांची काठी जागच्या जागी थबकली.

"विहीणबाई?" ते हळूच म्हणाले.

कॅमेरा चालूच होता. मधुसूदनने तोंडावर बोट ठेवलं, पण अनुसूयाबाई उठल्याच. त्यांच्या नावावर, त्यांच्या घरात, त्यांच्या व्याह्यासमोर दुसरीच बाई रडत होती! एक पाऊल टाकतात तोच आतून गोविंदरावांचा आवाज आला.

"आम्ही तुमच्याकडे स्कूटर मागितली, विहीणबाई. लाज वाटते मला."

बकुळने आईचा पदर गच्च धरला. "आई, बैठो," ती कुजबुजली. "स्कूटर जा रही है."

अनुसूयाबाई बसल्या. असं शहाणपण वेळेवर सुचायला संसार करावा लागतो.

गोविंदराव जमिनीवर बसले. डबा उघडला. दशम्या, लसणीची चटणी, वांग्याची भाजी. "नारळ आणि मुलगी," ते म्हणाले, "बाकी काही नको. बँड नको, घोडी नको. आता हे खा." आणि कालपासून उपाशी असलेली कमल, संवाद विसरून, नाक पुसत, रडत रडत जवळजवळ सगळा डबा खाऊन गेली. तिचं पाहून खाटेवरचा दारुडाही उठला आणि उरलेली दशमी घेऊन परत पडला.

तेवढ्यात ड्युटी संपवून नीलकंठराव आले, आणि गोविंदरावांनी त्यांना विचारलं, "आपण कोण?"

पुढचं साहेब, तुम्हीच कल्पना करा. गोविंदराव लालेलाल झाले. मला फसवून रडवलंत, म्हणाले, लग्न मोडलं म्हणून समजा. काठी उचलून निघालेच होते, पण मधुसूदनने त्यांना मिठी मारली. काका, सगळा सिनेमा एकीकडे आणि तुमचा प्रसंग एकीकडे, असं तो म्हणत होता आणि त्याचेही डोळे भरले होते. गोविंदराव थबकले. मग त्यांनी विचारलं, "टोपी सरळ होती ना?"

टोपी सरळ होती, म्हणून लग्नाचं बोलणंही सरळ झालं. बोललो ते बोललो, म्हणाले. पडद्यावर येणार म्हणजे मागे घेता येतंय कुठे? वैशाखातला मुहूर्त धरला. ग्वाल्हेरात त्यांनी भाजीवालीपासून वकिलापर्यंत सगळ्यांना सांगितलं, आणि सिनेमा लागला तेव्हा अख्खं गोत घेऊन पुढच्या रांगेत बसले. आम्ही झाशीचे मागे होतो.

चूल आली. कमल आली, रडली. आणि पुढच्याच क्षणी मेली! ना काठी, ना डबा, ना गोविंदराव. बसल्या बसल्या एकदम मेली, तीही दुहेरी हनुवटीसकट.

थिएटरच्या जिन्यात मधुसूदन मान खाली घालून उभा होता. मंडळाने पैसे दिले आहेत, म्हणाला, आणि मंडळच म्हणालं की हा प्रसंग काढा. मुलाचा बाप आपणहून स्कूटर सोडतो? असा माणूस असतच नाही. अवास्तव वाटतं. काढला, आणि वास्तवतेचं बक्षीस मिळालं.

गोविंदरावांनी टोपी सरळ केली. मग अनुसूयाबाईंकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "विहीणबाई, असा माणूस नसतोच असं सरकार म्हणतं. मी नाहीच, तर मी शब्द दिला कुठे?"

दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"निळी चालेल दिवाकरला."

तेव्हापासून, व्याही पुन्हा न कळवता आले तर घर काळंच दिसावं म्हणून, अनुसूयाबाईंनी भिंती पुसणं सोडलं आहे. मुहूर्त तोंडावर आला. तर साहेब, ती कापलेली पट्टी तुमच्या कुठल्यातरी कपाटात पडली असेल. काढा. लावून पाहा. त्यात एक म्हातारा अनोळखी बाईपुढे आपला डबा ठेवतो आहे. मग सही-शिक्क्यानिशी एवढंच कळवा: आमचे गोविंदराव आहेत की नाहीत?