लेफ्ट आऊटची जागा

गावंडे सरांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत असं नाही, ती त्यांना मान्यच नाहीत. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे तो फुटबॉलच्या मैदानावर जिथे उभा राहायचा ती जागा. मी गेली बरीच वर्षं डोणगावात बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकं मला 'शेठ' म्हणतात आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं. पण भर पेरणीच्या गर्दीत रस्त्यापलीकडून आवाज येतो, "काऊन बे लेफ्ट बॅक, पोट कितलं सुटून राह्यलं तुह्यं!" आणि माझी सगळी शेठगिरी खताच्या पोत्यांमागे जाऊन लपते.

हा आवाज साधासुधा नव्हे. सरांनी मैदानावरून हाक मारली की ती एसटी स्टँडवर ऐकू येते. एकदा ते आमच्या गोलकीपरला "थांब!" म्हणून ओरडले आणि तिकडे सुटलेली बस थांबली, असं लोक सांगतात. मी बस पाहिलेली नाही, पण आवाज रोज ऐकला आहे, त्यामुळे माझा विश्वास आहे.

आमचा एक मित्र नीलेश साखरखेर्ड्याला डॉक्टर आहे. त्याने सरांना दवाखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका पाठवली. सर ती घेऊन माझ्या दुकानात आले. "हा डॉक्टर नीलेश कोन हाय बे? मले काऊन बलावून राह्यला?"

"सर, तुमचा राइट हाफ."

"मंग तसं लिहा लागत होतं ना!" सर पत्रिकेवर रागावले आणि उद्घाटनाला सगळ्यात आधी जाऊन बसले.

प्राचार्यांना ते पाठीमागे 'रेफरी' म्हणत आणि स्वतःच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, तोंडावर 'गोलकीपर'. कारण सरांकडे येणारं काहीही काकूंना चुकवून आत जात नसे, मग तो वर्गणीवाला असो, विमा एजंट असो की सरांचा चुलतभाऊ.

सर कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे मास्तर म्हणून आले तेव्हा आमच्याकडे कबड्डी होती, क्रिकेट होतं आणि उरलेल्या वेळात चावडी होती. फुटबॉल फक्त टीव्हीवर. सरांनी कॉलेजमागच्या माळावरचे दगड पोरांकडून वेचून घेतले, बाभळीचे खांब रोवले आणि आम्हाला बूट घालून पळवायला सुरुवात केली. माझे वडील म्हणाले, "वावरात जायाले पाय दुखते अन् चेंडूमांगं बरा पळतो!"

मैदानाला लागून एका शेतकऱ्याची तूर होती. आमचा चेंडू गोलात कमी आणि तुरीत जास्त जायचा. मालक भांडायला आला. सरांनी त्याच्याशी वाद घातला नाही, एक नियम काढला. जो चेंडू तुरीत मारील त्यानेच तो आणायचा आणि येताना तण उपटून आणायचं. आमची नेमबाजी इतकी भयंकर होती की त्या हंगामात त्या मालकाला निंदणाला बाई लावावी लागली नाही. पुढे तोच कुंपणाशी उभा राहून ओरडायचा, "मारा बे जोरात!"

सरांचं एक पालुपद होतं. सरावात, सामन्यात, परीक्षेच्या सुपरव्हिजनमध्येसुद्धा. "जागा सोडू नको बे!" त्यांचं सगळं तत्त्वज्ञान यात आलं. "मानसाले एक जागा अस्ते. थे त्याले भेटली पाह्यजे अन् त्यानं सोडली नाई पाह्यजे. जागा खाली राह्यली का गोल झालाच समज."

दुसरं वेड म्हणजे प्रामाणिकपणा. ते वेडच म्हणायला हवं. संघनिवडीच्या महिन्यात सर कुठल्याही खेळाडूच्या घरचा चहा घेत नसत. आमच्या स्टॉपरच्या बापाची भाजीची शेती होती. त्याने एकदा प्रेमाने टोपलीभर वांगी पाठवली. सरांनी टोपली परत केली आणि वर स्टॉपरला एका सामन्याला बाहेर बसवलं. बिचाऱ्याला वांग्यांची गोष्टच माहीत नव्हती. निवडीचा महिना संपल्यावर सर स्वतः त्यांच्या मळ्यात गेले आणि भाव न करता वांगी विकत घेऊन आले.

अशा माणसाच्या पोटी प्रमोद जन्मला आणि शिकायला आमच्याच कॉलेजात, आमच्याच वर्गात आला. प्रमोद डाव्या पायाचा. चेंडू त्याच्या पायाला असा चिकटायचा की हिसकावून घेणारा दमून जायचा. लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या टोकाने पळत जाऊन गोलासमोर चेंडू टाकणारा, ही जागा त्याच्यासाठीच होती हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्या जागेवर खेळणारा आमचा दिनू पण हे कबूल करायचा. फक्त सर करत नव्हते. पोरगा संघात आला खरा, पण सरांनी त्याचं नाव ठेवलं 'बारावा'. मैदानावर अकरा जागा. बारावा ही काही जागा नाही.

प्रमोद सामान सांभाळायचा. मध्यंतराला लिंबं कापून, मीठ लावून आमच्या हातावर ठेवायचा. कधी तोंड वाकडं केलं नाही. आम्हीच एकदा धीर करून म्हणालो, "सर, प्रमोदले खेळवा ना."

"माह्यं पोट्टं उतरवलं का लोक म्हनतीन, मास्तरानं घरचं भरलं. इषय बंद."

मग अकोल्याचा तो सामना आला. विद्यापीठाच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, आमच्या कॉलेजासाठी म्हणजे आभाळच. उत्तरार्धात दिनूचा पाय मुरगळला. त्याला उचलून बाहेर आणलं. राखीव म्हणून उरला होता एकटा प्रमोद. त्याने बुटांच्या नाड्या आवळल्या, रेषेशी येऊन जागच्या जागी उड्या मारायला लागला. सरांनी बदलीची खूण करायला दोन्ही हात छातीपुढे धरले. ते हात एकदा फिरले आणि थांबले. प्रेक्षकांतून कोणीतरी हसून ओरडलं होतं, "उतरवा मास्तर, घरचंच पोरगं हाय!"

सरांनी हात खाली केले. "दहा जन खेळा," ते म्हणाले. "जागा सोडू नका."

आम्ही दहा जण खेळलो आणि जिंकलो. परतताना जीपमध्ये आमचा धिंगाणा चालू होता. प्रमोद मागच्या कोपऱ्यात लिंबांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. अकोला मागे पडलं, डोणगाव आलं, तरी त्याच्या बुटांच्या नाड्या तशाच आवळलेल्या होत्या.

पुढचा सामना आम्ही हरलो, पण 'दहा जणांत जिंकलो' ही सरांची कायमची कथा झाली. चहाच्या टपरीवर, नव्या पोरांपुढे, लग्नाच्या पंगतीत. प्रमोद पुण्याला नोकरीला लागला, तिकडेच संसार थाटला. दिवाळीला एक-दोन दिवस येई. त्याच्यासमोरसुद्धा सर ही कथा सांगत. काकू आतून येऊन अर्धे प्यायलेले कप उचलत आणि म्हणत, "झाला ना चहा? पुरे आता." बापलेकांत बोलणं म्हणजे "जेवला का?" आणि "जेवलो."

मधल्या वर्षांत केव्हातरी सरांनी ती कथा सांगणं बंद केलं. कोणी आठवण काढली तर म्हणत, "जाऊ दे बे, जुनं झालं." मला वाटलं, वय झालं.

यंदा सर निवृत्त झाले. आम्ही जुन्या पोरांनी ठरवलं, सत्कार-बित्कार नको, सध्याच्या पोरांविरुद्ध एक सामना खेळू. सर खूश झाले. संघ त्यांनीच लावला. "राइट हाफ, डॉक्टरकी बाजूले ठेव. लेफ्ट बॅक, पोट आत घे." जागा सांगत सांगत ते दहावर थांबले.

दिनू आपल्या जुन्या जागेसाठी बूट बांधून तयार होता. सर त्याला म्हणाले, "तू बस बे. तुहा पाय दुखते."

"सर, तो पाय केव्हाच बरा झाला! पोरगी कॉलेजात गेली माही."

"दुखला होता ना? मंग बस."

दिनू बसला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हसू आलं होतं, ते मधेच विरलं. "मग लेफ्ट आऊट कोण, सर?"

"येऊन राह्यला."

रेषेबाहेर खुर्चीवर काकू बसल्या होत्या. त्यांनी मला हळूच सांगितलं, "यायनं सोता फोन लावला प्रमोदले. जलमात पह्यल्यांदा. म्हने, मॅच हाय, ये."

आम्ही दहा जण खेळायला लागलो. पोरं आम्हाला पळवून पळवून घामाघूम करत होती आणि माझ्यापुढची सगळी डावी बाजू मोकळी पडली होती. सर सामना पाहतच नव्हते. ते फाटकाकडे पाहत होते.

प्रमोद मध्यंतरानंतर आला. केस पिकायला लागलेले, चष्मा, पायात ऑफिसचे बूट. सरांनी त्याला पाहिलं आणि दोन्ही हात छातीपुढे धरून गोल गोल फिरवले. थांबवलेच नाहीत.

"राहू द्या बाबा," प्रमोद म्हणाला. "आता पळणं होत नाही."

"दोन मिन्टं उतर."

"खरंच नाही होत. गुडघा गेलाय. बसतो ना तुमच्याजवळ."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तो खाली बसला, बरोबर आणलेल्या पिशवीतली लिंबं आणि चाकू काढला आणि कापायला लागला. सरांचे हात तसेच हवेत राहिले होते. मग ते त्याच्या बाजूला बसले. सामना चालू असताना सरांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

थोड्या वेळाने चेंडू डाव्या बाजूने गेला. अडवायला कोणी नव्हतंच. थेट तुरीत. मी धापा टाकत कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. प्रमोद उठला, तुरीत शिरला आणि चेंडू घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आला. दुसऱ्या हातात तणाची जुडी होती. ती त्याने बाजूला टाकली, चेंडू खाली ठेवला आणि डाव्या पायाने मारला. चेंडू मैदान ओलांडून वळत वळत बरोबर गोलासमोर पडला, जिथे डोकं लावायला कोणीच नव्हतं.

"लेफ्ट आऊट," सर म्हणाले. इतकं हळू, की ते फक्त काकूंना आणि रेषेशी उभ्या असलेल्या मला ऐकू आलं.

"मोठ्यानं म्हना ना," काकू म्हणाल्या. "साऱ्या गावाले ऐकू जाते तुमचा आवाज."

सरांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. प्रमोद धुऱ्यावरून सावकाश चालत आला, बापाशेजारी बसला आणि त्याने मीठ लावलेली लिंबाची फोड त्यांच्या हातावर ठेवली.