गायधनी काकांचं कार्ड

गायधनी काका कॉम्प्युटरचा वास घ्यायचे. म्हणजे खरोखर घ्यायचे. मागचे चार स्क्रू काढायचे, पत्रा बाजूला ठेवायचा, चष्मा कपाळावर सारायचा आणि कोथिंबिरीची जुडी हुंगावी तसं डोळे मिटून नाक आत घालायचं. आमच्या कारखान्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा मॅनेजरसाहेब माझ्या कानाशी कुजबुजले, "मॅडम, इंजिनियर बोलावलाय की मांत्रिक?" काकांनी नाक बाहेर काढलं आणि जाहीर केलं, "आत उंदीर मेलाय. कॉम्प्युटरला काही झालेलं नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघते. आमच्याकडे गिअरचे दाते घासणारं एक जुनं मशीन होतं आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर डॉसवर चालणारा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही. हल्लीच्या पोरांसमोर डॉस म्हटलं की त्यांना डास ऐकू येतं. असल्या कॉम्प्युटरला ऑफिसातल्या सर्व्हरशी जोडून देणारा माणूस नाशकात एकच उरला होता, आणि तो म्हणजे काका. ओझरला नोकरी करून रिटायर झालेले, गंगापूर रोडच्या मागच्या एका गल्लीत राहणारे. स्कूटरवरून यायचे. पिशवीत फ्लॉप्या असायच्या, आणि प्रत्येक फ्लॉपीला फुलाफुलांच्या कापडाचा वेगळा बटवा.

"क्रम पाळा, ताई," हे त्यांचं पालुपद. "आधी कार्ड, मग ड्रायव्हर, मग प्रोटोकॉल, शेवटी क्लायंट. कार्ड म्हणजे कान. ड्रायव्हर त्या कानाला ऐकायला शिकवतो. प्रोटोकॉल म्हणजे भाषा. आणि क्लायंट सर्व्हरच्या दारात जाऊन सांगतो, मी अमुक अमुक, मला आत घ्या. तुमचे लोक काय करतात? कानाचा पत्ता नाही आणि दारात जाऊन ओरडतात."

दुसरं पालुपद सहाशे चाळीसचं. डॉसच्या कॉम्प्युटरला काम करायला सहाशे चाळीस केबी एवढीच जागा. आपल्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. काकांनी हा हिशोब सगळ्या जगाला लावलेला. दसऱ्याला कॅन्टीनमध्ये बासुंदीची दुसरी वाटी पुढे केली तर वाटीवर हात ठेवून म्हणाले, "नको. सहाशे चाळीस भरलं." मॅनेजरसाहेब एकदा लांबलचक भाषण द्यायला लागले, तेव्हा काका मला हळूच म्हणाले, "यांच्यातलं निम्मं काढून टाकलं तरी हे चालू होतील."

पुण्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर विभागाचा एक मुलगा फोनवरून त्यांना म्हणाला होता, "काका, एवढी खटपट कशाला? बदलून टाका ना तो डबा."

"तुमचे वडील किती वर्षांचे?" काकांनी विचारलं.

"सदुसष्ट."

"बदललेत का?"

त्यानंतर त्या मुलाने फोन केला नाही, मेल पाठवायला लागला. काका मेल बघत नसत.

त्यांच्या खिशात एक डायरी असे. जिल्ह्यातल्या सगळ्या डॉसच्या कॉम्प्युटरांची यादी तिच्यात. एखादा भंगारात गेल्याचं कळलं की ते त्याच्या नावावर पट्टी धरून सरळ रेघ मारायचे. "अंबडचा गेला," असं म्हणायचे, आपण भाऊबंदांबद्दल म्हणतो तसं. "सिन्नरचे दोन्ही गेले. आता अकरा राहिले." त्या अकरात आमचा एक.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या मशीनचं नेटवर्क कार्ड जळालं. गिअरचे प्रोग्रॅम सर्व्हरवरून वायरीने यायचे, ते थांबले. मशीन ठणठणीत, पण त्याला काम सांगणारं कुणी नाही. कारखाना नुकताच विकत घेतलेल्या नव्या मालकांना ते मशीन काढायला तेवढंच निमित्त हवं होतं. साहेब म्हणाले, "तीन दिवसांत चालू झालं तर झालं. नाहीतर मशीन भंगारात आणि अन्वरला हिशोब."

अन्वरभाई हा त्या मशीनचा ऑपरेटर. बावीस वर्षं त्याच एका मशीनवर. दुसरं कुठलंही मशीन त्याला येत नव्हतं आणि मशीनच्या आवाजाने एक कान गेलेला. घरात म्हातारी आई, बायको, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली.

पहिल्या दिवशी काकांनी आमच्या भंगारातली तीन कार्डं लावून पाहिली. तिन्ही मेलेली. नवीन कार्ड त्या जुन्या खाचेत बसत नाही. काकांनी फोन करून मुंबईच्या जुन्या बाजारात विचारलं, तिथेही नाही. अन्वरभाई शेजारी उभा होता. "काका, होईल ना हो? लय वर्षं झाली मला हितं. आता कुठं जाऊ?" काकांनी पत्रा लावला, स्कूटर काढली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते रुमालात गुंडाळलेलं कार्ड घेऊन. त्याच जातीचं, अगदी स्वच्छ पुसलेलं. "कुठे मिळालं?" मी विचारलं.

"होतं एका ठिकाणी," म्हणाले. "क्रमाने जाऊ या."

मग ते क्रमाने गेले. कार्डाला जो नंबर हवा तोच मशीनच्या दुसऱ्या भागाने धरून ठेवलेला. काकांनी कार्डावरची चिमुकली टोपी चिमट्याने उचलली आणि शेजारच्या काड्यांवर बसवली, की नंबर बदलला. ड्रायव्हर चढला. प्रोटोकॉल चढला. क्लायंट चढला आणि मशीनचा प्रोग्रॅम उघडेना, कारण जागा संपली. जागा व्हावी म्हणून काकांनी, कॉम्प्युटर चालू होताना वाचतो त्या फायलीतली एकेक ओळ काढायला घेतली. एक ओळ काढायची, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, बघायचं. पुन्हा एक ओळ. साडेबाराला घरी जाऊन आले, दोनला परत बसले. चारच्या सुमारास पडद्यावर काम फत्ते झाल्याची एक ओळ आली आणि पाठोपाठ सर्व्हरवरचे सगळे प्रोग्रॅम रांगेत दिसले. अन्वरभाईने काकांचे दोन्ही हात धरले. काका म्हणाले, "सोडा, सोडा. हाताला ग्रीस आहे तुमच्या."

त्यानंतर काका कुणाकडेच जाईनासे झाले. मी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा फोनवर एकच उत्तर, "जमणार नाही, ताई." आणखी एका कारखान्यालाही तेच सांगितलं. आम्ही आपसांत म्हणालो, म्हातारा भाव खायला लागला. मीही म्हणाले. खोटं कशाला बोलू?

चार महिने मशीन चाललं. मग मालकांनी तो सगळा विभागच दुसऱ्या राज्यात हलवला. मशीन कापून भंगारात, अन्वरभाईला हिशोब. आता तो ओझरला एका गोदामावर वॉचमन आहे. ट्रक मागे घेणारा ड्रायव्हर ओरडतो ते त्याला ऐकू येत नाही, म्हणून ती नोकरीही किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

भंगारवाला यायच्या आधी मी ते कार्ड काढून घेतलं. काकांचं होतं, त्यांना द्यायला हवं. एका रविवारी सकाळी पत्ता शोधत गेले.

काकांनी दार अर्धवट उघडलं. दाढी वाढलेली. माझ्या हातातलं कार्ड बघितलं आणि सगळं समजले. "कधी?" एवढंच विचारलं.

"मागच्या आठवड्यात."

"आणि अन्वरभाई?"

मी सांगितलं. त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग मला बाहेरच्या खोलीत बसवून हळू आवाजात बोलायला लागले.

काकूंना, नलिनी काकूंना, चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काकूंचा सगळा जन्म एका कचेरीत काळ्या पडद्यासमोर टायपिंग करण्यात गेलेला. "मोबाइल दिला होता हो हिला," काका म्हणाले. "काचेवर बोट फिरवून काही कळेना. नवीन काही शिकायला हिच्याकडे आता जागा नाही. पण जुन्या कीबोर्डची कळ दाबली की टक् वाजतं. मग हिला कळतं, आपण बोललो." म्हणून त्यांनी डॉसचे दोन कॉम्प्युटर जोडले. एक काकूंच्या पलंगाशी, एक आपल्या कामाच्या खोलीत. काकू डाव्या हाताच्या एका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. पाणी. ऊन येतंय. कुकर. कामाच्या खोलीत बीप वाजायचं. साडेबाराला जेवण भरवायला काका असायचेच, आणि ते बाहेर गेले की शेजारच्या वहिनी दुसऱ्या कॉम्प्युटरपाशी बसायच्या.

त्या जोडणीतलं एक कार्ड आमच्या मशीनमध्ये गेलं होतं.

"घंटी आणून दिली," काका म्हणाले. "हिने फेकून दिली. मोलकरणीला बोलावल्यासारखं वाटतं म्हणे. वहिनींना तरी दिवसभर पलंगाशी कसं बसवणार? मग काय, मीच बसून राहिलो. लिहिलं की शेजारी बसून वाचायचं. चहा टाकायला उठलो तरी जीव इकडे."

मला माझी लाज वाटली. "काका, कशाला दिलंत मग?"

"मी कुठे दिलं? त्या दिवशी घरी येऊन सहज सांगितलं, अन्वरचं असं असं आहे. हिने लिहिलं, आपलं काढून द्या. मी नाही म्हटलं. तर रात्रीचं जेवली नाही." ते उठले. "ताई, आत चला. पण हे कार्ड मुंबईला मिळालं म्हणा. मशीन गेल्याचं बोलू नका."

आत काकू उशांना टेकून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळाला टिकली. काकांनी कार्ड बसवलं. चारच गोष्टी, त्या क्रमाने, पण अर्धा तास लागला. मग ते पलीकडच्या खोलीत गेले. काकूंनी डावं बोट उचललं. टक्. टक्. टक्. पलीकडे बीप वाजलं.

काका दारात आले. काकूंकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "विचारतेय, अन्वरचं मशीन कसं चाललंय."

"छान चाललंय, काकू," मी म्हटलं. "कालच मोठी ऑर्डर आली. अन्वरभाई दुपारचं जेवायलासुद्धा उठत नाही."

काकू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची डावी बाजू हसली. बोट पुन्हा कळांवर गेलं. या वेळी पुष्कळ वेळ लागला. पलीकडे बीप झालं, काका बघायला गेले आणि परत येईनात.

मी उठून त्या खोलीत गेले. काका टेबलाला दोन्ही हात टेकून उभे होते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती.

'त्याला म्हणावं, वेळेवर जेवत जा.'