चुंबकाचा काही संबंध नाही

स्वयंपाकघरात ठेवलेल्या बेबी मॉनिटरच्या छोट्या पडद्यावर ओट्टो दुपारचा झोपला होता आणि त्याचं पांघरूण वर-खाली होत नव्हतं. कायसाने वीस आकडे मोजले. मग तिची नजर चित्राच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. दोन वाजून सात मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ मात्र दोन-एकवीस दाखवत होतं. म्हणजे गेली चौदा मिनिटं ती डोळ्यांत तेल घालून एका फोटोवर लक्ष ठेवत होती.

ती धावतच जिना चढली. अडीच वर्षांचा ओट्टो आपल्या बुटक्या खाटेवर बसून शांतपणे हसत होता. ती त्याला कडेवर घेऊन खाली आली तेव्हा पडद्यावरचं घड्याळ पुन्हा चालू झालं होतं. सलग तिसऱ्या दिवशी हे असंच, दोन-सातलाच.

बिनतारी कॅमेऱ्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून तिच्या नवऱ्याने, ट्रेवरने, भिंतीतून तार नेऊन वरच्या बोळातल्या कपाटात इंटरनेटच्या डब्याला जोडून दिली होती. ओट्टो त्या वेळी त्याचा मदतनीस होता. "टक् झालं की लागलं, कळलं का साहेब?" असं ट्रेवरने त्याला दहादा शिकवलं होतं. नंतर कायसाने घरातल्या सगळ्या कपाटांना, त्याही कपाटाला, मुलांपासून बचावाची चुंबकी कुलपं बसवली. बाहेरून चुंबकाची किल्ली टेकवली की आतली खिटी सरकते. किल्ली बोळातल्या, घर गरम ठेवणाऱ्या लोखंडी रेडिएटरला चिकटलेली असे.

"कुलपाचा चुंबकच सिग्नल बिघडवतोय," ती त्या संध्याकाळी म्हणाली.

"मिलमध्ये मी खोलीएवढ्या मोटारींच्या शेजारून तारा नेतो," ट्रेवर बूट काढत म्हणाला. "त्यांना काही होत नाही, आणि तुझं ते बिस्किटाएवढं चुंबक! अगं, तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात त्या कशासाठी? चुंबकाचा काही संबंध नाही."

"मग कशाचा आहे?"

ट्रेवरने बुटाच्या नाड्या नीट तपासल्या.

"सोमवारी मी कामावर जाणार आहे, ट्रेवर. मला फोनवर तो जिवंत दिसला पाहिजे. नाहीतर मी नाही जात. प्रयोगशाळेला उद्याच कळवते."

"सिग्नल-बिग्नल काही नाही," कोपऱ्यातून मुम्मो म्हणाल्या. मुम्मो म्हणजे ट्रेवरची आई. सोमवारपासून ओट्टोला त्याच सांभाळणार होत्या. "तोंतू रागावलाय. घर राखणारा बुटका. तुम्ही त्याच्या कपाटाला कुलूप लावलंत, मग तो काय गप्प बसेल? त्याला वाटीभर लापशी ठेवा. वर लोणी."

कायसा शिकलेली होती. ती हसली. पण दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवणानंतर मुम्मोंनी कपाटात लापशी ठेवली, तेव्हा वाटी डब्यापासून दूर सरकवली ती कायसानेच. किल्ली तिने रेडिएटरला कपाटापासून दूर, अगदी डाव्या टोकाला चिकटवली.

दोनला पाच कमी असताना ती खालच्या पायरीवर, पडदा मांडीवर घेऊन बसली. बाहेर बर्फाने थंडर बे शहराचे सगळे आवाज गिळून टाकले होते. मुम्मो खुर्चीत घोरत होत्या. दोन-सातला घड्याळ थांबलं. ओट्टो गाढ झोपेत.

वरून आवाज आला. टक्.

ती अनवाणी वर गेली. टक्. आवाज बंद कपाटातून येत होता. तिने रेडिएटरला हात लावला. डावीकडे किल्ली नव्हती. उजवीकडेही नव्हती. तिने ओट्टोच्या खोलीत डोकावलं. खाट रिकामी. हातातल्या पडद्यावर मात्र तो अजून झोपलेलाच होता.

"ओट्टो?" ती कपाटाच्या दाराशी वाकून कुजबुजली.

आत कुणीतरी ओठ चाटले. मग खिटी सरकली आणि दार आपोआप उघडू लागलं. आत हिरव्या दिव्यांच्या उजेडात ओट्टो मांडी घालून बसला होता. एका मुठीत चुंबकाची किल्ली, दुसरीत तारेचं टोक, आणि हनुवटीपर्यंत लापशी. त्याने टोक भोकात खुपसलं. टक्. कायसाच्या हातातल्या पडद्यावरचा ओट्टो नाहीसा झाला.

"लागलं!" खरा ओट्टो म्हणाला.

"म्हणजे चुंबकानेच बिघडत होतं," संध्याकाळी कायसा गोड आवाजात म्हणाली. "फक्त मध्ये तुझा मदतनीस होता."

ट्रेवरने तोंड उघडायच्या आत ओट्टोच बापाच्या सुरात म्हणाला, "चुंबकाचा काय संबंद नाय."

कॅमेरा काढून टाकला. ट्रेवरने स्वतः, निमूटपणे, त्या कपाटाच्या दाराला मुम्मोंच्या माहेरची गायीच्या गळ्यातली घंटा बांधली. तार नाही, सिग्नल नाही, चुंबकाची किल्ली ट्रेवरच्या खिशात. पोरगं दाराजवळ गेलं की घंटा वाजणार, मुम्मो जाग्या होणार, आणि मग फोन. कायसाला हे पटलं. सोमवारी ती कामावर गेली.

दोन वाजून सात मिनिटांनी तिचा फोन वाजला.

"घंटा वाजली गं," मुम्मो खुशीत म्हणाल्या.

"मग धावा ना वर! ओट्टो—"

"ओट्टो माझ्या मांडीवर आहे." कायसाला आठवलं, शुक्रवारी चित्र थांबलं तेव्हाही तो खाटेवरच होता, म्हणजे त्याने तार फक्त परत लावली होती. मुम्मो पुढे म्हणाल्या, "माझंच चुकलं. आज लापशी ठेवायला विसरले."